राजाभाऊ गुप्त्यांची तारीख

राजाभाऊ गुप्त्यांना दिल्लीत कुणी गुप्ते म्हणत नाही. जन्मापासून साठ वर्षं इथे काढली, पण दूधवाल्यापासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांचे ते गुप्ताजी. पहिली काही वर्षं त्यांनी दुरुस्ती करून पाहिली. 'गुप्ता नाही, गुप्ते' असं म्हटलं की समोरचा मान डोलवून 'अच्छा, गुप्तेजी' म्हणायचा आणि दुसऱ्या वाक्याला परत गुप्ताजी. शेवटी राजाभाऊंनी नाद सोडला. नोएडाच्या सोसायटीत दिवाळीला गुप्ता आडनावाच्या शाकाहारी व्यापाऱ्यांच्या मंडळाचं निमंत्रण यायचं, तिथेही ते निमूट जायचे, कारण तिथली कचोरी उत्तम असते. अडचण फक्त रविवारी व्हायची. आयएनए मार्केटात माशांच्या दुकानासमोर गुप्ताजी पापलेटाचे गलफडे उचलून बघताना दिसले, की ओळखीची मंडळी दचकून दुसरीकडे बघायची.

सरकारी नोकरीत टिकायचं तर माणसाला एक तरी गोष्ट अशी यावी लागते जी बाजूच्या टेबलावरच्याला येत नाही. कुणाला इंग्रजी येतं, कुणाला साहेबाचा मूड ओळखता येतो. पहाडगंजच्या मराठी शाळेतून निघून, परीक्षा देऊन केंद्राच्या एका खात्यात चिकटलेल्या राजाभाऊंना तारीख काढता यायची.

हसू नका. दिल्लीत मीटिंगची तारीख काढणं म्हणजे काय प्रकार आहे ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. मंत्र्यांचा दौरा नको, अधिवेशनाचा धसका नको, धुक्यानं विमानं अडकतील असा आठवडा नको, लग्नसराईत बँडबाज्यानं रस्ते तुंबतील असा दिवस नको. राजाभाऊ हे सगळं बघून तीन तारखा कागदावर लिहायचे आणि तो कागद घडी करून घरी न्यायचे. ही त्यांची दुसरी, गुप्त पायरी. स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला अरुणाताईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, मराठी कॅलेंडर टांगलेलं असायचं. ते दर डिसेंबरला पुण्याहून त्यांचा भाऊ कुरिअरनं पाठवायचा. दिल्लीतलं पंचांग त्यांना चालत नसे. इथल्या लोकांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो, हे त्यांनी लग्न होऊन आल्यापासून मनाला लावून घेतलेलं. तर त्या कॅलेंडरावर बोट फिरवून, अमावास्या टाळून, अष्टमी-नवमी टाळून, तिथी-वार बघून राजाभाऊ तिघांतली एक तारीख उचलायचे. सकाळी ऑफिसात ती अशा चेहऱ्यानं सांगायचे की जणू रात्रभर कॉम्प्युटरनं हिशेब केलाय.

आणि खरं सांगायचं तर तेहतीस वर्षांत त्यांनी काढलेली एकही तारीख पुढं ढकलली गेली नव्हती. 'गुप्ताजी की डेट कटती नहीं' असं खात्यात म्हटलं जायचं. लोक मुलामुलींच्या साखरपुड्याच्या तारखा विचारायला यायचे. यात तिथीचा हात किती आणि नशिबाचा किती, हे तुम्ही राजाभाऊंना विचारलं असतंत तर ते नम्रपणे हसले असते. ते हसणं मुळीच नम्र नसायचं.

जानेवारीअखेर रिटायर व्हायचं, म्हणजे तीनेक महिने उरलेले, तेव्हा त्यांच्या टेबलावर सावरबंदरची फाइल आली. कोकणच्या किनाऱ्यावरचं हे गाव. तिथे समुद्रात वीसेक किलोमीटर आत पवनचक्क्या उभारायच्या आणि वीज केबलनं तळावरून गावाच्या बाजूला आणायची, असा प्रस्ताव होता. अजून काही उभं नव्हतं, सगळं कागदावर. पण नियम असा की आधी किनाऱ्यावरच्या लोकांना विचारायचं. गावात जाहीर जनसुनावणी घ्यायची, प्रत्येक हरकत लिहायची, तिला खात्याचं उत्तर द्यायचं, आणि मग फाइल वर पाठवायची. खात्यात मराठी येणारे राजाभाऊ एकटेच, म्हणून काम त्यांच्याकडे आलं. समुद्र त्यांनी आयुष्यात तीनदा पाहिला होता, त्यातला एकदा हनिमूनला, तेव्हा लक्ष कुठे असणार.

डायरेक्टर भटनागर मॅडम म्हणाल्या, "गुप्ताजी, बढ़िया सी डेट निकालिए. जाते-जाते एक बड़ा काम हो जाए आपके हाथ से."

राजाभाऊ घरी आले ते कागदाची घडी मुठीत धरूनच. अरुणाताई भाकरी थापत होत्या. त्यांनी पिठाच्या हातानं लांबूनच दाखवलं.

"अहो, हे बघा. चार डिसेंबर. मार्गशीर्ष पौर्णिमा. त्यात गुरुवार. त्यात दत्तजयंती."

"तिन्ही एकदम?"

"तिन्ही. असा दिवस शोधून सापडत नाही."

राजाभाऊंना खरोखर भरून आलं. आपण त्या लांबच्या, कधी न पाहिलेल्या कोळी मंडळींना काहीतरी देतो आहोत असं त्यांना वाटलं. एरवी सरकार त्यांना द्यायचं ते कडक उन्हातल्या मंगळवारी बोलवून द्यायचं. ह्या वेळी पौर्णिमा दिली होती. नोटीस त्यांनी स्वतः मराठीत लिहिली, भाषांतराच्या मराठीत नव्हे, चांगल्या मराठीत, आणि खाली 'राजाभाऊ गुप्ते' असं नाव आणि टेबलाचा फोन नंबर घातला. लेक अवनी नोएडातच एका कंपनीत कामाला आहे, तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाबा, मस्त आहे यार, पण हे 'उपस्थित राहून उपकृत करावे' म्हणजे लग्नाचं कार्ड वाटतंय." राजाभाऊंना ती स्तुतीच वाटली.

चार तारखेला सकाळी दिल्लीत मोठ्या स्क्रीनसमोर राजाभाऊ, भटनागर मॅडम आणि आणखी दोघं बसले. तिकडे मांडवात तीनशे खुर्च्या मांडलेल्या दिसत होत्या. पुढं तहसीलदार, कंपनीच्या सल्लागाराचा एक टाय घातलेला माणूस, मागं वड्यांची परात. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. खुर्च्यांवर एकूण सहा माणसं, त्यातला एक मांडववाला आणि एक रिटायर्ड मास्तर, ते कुठल्याही सभेला येतात. टायवाल्यानं रिकाम्या खुर्च्यांना पवनचक्कीच्या पात्याची लांबी समजावून सांगितली. शेवटी त्यानं "कुणाला काही शंका?" असं विचारलं, तेव्हा मास्तरांनी पंखा जरा हळू करा म्हणून सांगितलं. कार्यक्रम संपला.

दिल्लीत मात्र सगळ्यांचे चेहरे उजळले. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला एकही हरकत नाही, असं खात्याच्या इतिहासात झालं नव्हतं. मॅडमनी राजाभाऊंचा हात हलवला. इतिवृत्ताचा मसुदा दुसऱ्याच दिवशी टेबलावर आला: 'पुरेशी पूर्वसूचना देऊनही स्थानिक जनतेकडून एकही हरकत प्राप्त झाली नाही.' खाली राजाभाऊंच्या सहीची जागा. पुढच्या शुक्रवारपर्यंत सही झाली की फाइल नव्या वर्षाच्या आत वर जाणार होती. राजाभाऊंनी पेन उचललं आणि का कोण जाणे, चहा आल्यावर करू म्हणून ठेवून दिलं. एवढ्या चांगल्या दिवशी एवढे कमी लोक का आले, हे त्यांच्या मनात टोचत होतं. त्यांनी स्वतःची समजूत घातली की लोक दत्ताच्या देवळात गेले असतील.

चहाच्या आधी फोन आला.

"गुप्ते साहेब आहेत का?"

गुप्ते. कैक वर्षांत टेबलावरच्या फोनमधून हा शब्द आला नव्हता. राजाभाऊ खुर्चीत सरळ झाले. "बोलतोय."

"मी प्रभा, सावरबंदरच्या मासळी विकणाऱ्या बायकांच्या संस्थेची सेक्रेटरी. नोटिशीवर तुमचा नंबर होता. सुनावणी झाली म्हणतात."

"झाली ना, प्रभाताई. पण तुमच्याकडचं कुणी आलंच नाही."

"कोण येणार? पौर्णिमा होती."

"अहो, म्हणूनच तर ठेवली," राजाभाऊ कौतुकानं म्हणाले.

मग प्रभाताई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे गावात बोलतात ते खरं."

"काय बोलतात?"

"की दिल्लीत कुणीतरी फार हुशार माणूस बसलाय. त्याला बरोबर माहितीये आमचा गाव कधी रिकामा असतो."

राजाभाऊंना काही उलगडेना. प्रभाताईंनी उलगडून सांगितलं, आवाज न चढवता, एखाद्या मंद मुलाला सांगावं तसं. सावरबंदरची मासेमारी डोलीची. डोल म्हणजे समुद्रात खांबांना बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं. त्यात मासळी आपण होऊन शिरते, पण त्यासाठी पाण्याला ओढ लागते. ती ओढ उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मागंपुढं चार-चार दिवस. तेव्हा झाडून सगळे पुरुष पाण्यावर आणि झाडून सगळ्या बायका धक्क्यावर, उतरलेली मासळी निवडायला आणि विकायला. अष्टमीला भांग असतो, पाणी मंद. तेव्हा सगळा गाव घरी, जाळी दुरुस्त करत. लग्नं, साखरपुडे, भांडणं, सगळं अष्टमीच्या आसपास.

"आणि ती तुमची केबल," प्रभाताई म्हणाल्या, "आमच्या डोलीच्या खांबांमधून जाते. नकाशा बघितला आम्ही. ते सांगायचं होतं."

"मग आधी कळवायचं होतं तुम्ही," राजाभाऊ म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच बारीक वाटला.

"कळवलं ना. अर्ज दिला, पोच आहे माझ्याकडे. इथले साहेब म्हणाले, तारीख दिल्लीहून आलीये. त्या दिल्लीवाल्याची तारीख कधी बदलत नाही म्हणे."

फोन ठेवल्यावर राजाभाऊंना शाळा आठवली. नववीच्या भूगोलात प्रश्न असायचा: उधाणाची भरती केव्हा येते व भांगाची केव्हा? दोन मार्क. पहाडगंजच्या शाळेत बसून त्यांनी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांची आकृती काढून दोनपैकी दोन मिळवले होते. इतकी वर्षं ते उत्तर त्यांना पाठ होतं, आणि इतकी वर्षं ते रविवारी मासे आणत होते. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे डोक्यात आलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली.

आता प्रश्न सरळ होता. सही केली की सावरबंदरला काहीच म्हणायचं नाही हे सरकारदरबारी पक्कं, आणि केबल डोलीच्या खांबांमधून. सही नाही केली, तर का नाही ते फाइलवर लिहावं लागणार. आणि ते कारण काय, तर तारीख चुकली. कुणाची? गुप्ताजींची. तीसुद्धा रिटायरमेंटला पन्नास-पंचावन्न दिवस उरलेले असताना.

संध्याकाळी जेवताना त्यांनी घरात विषय काढला. अवनी म्हणाली, "सिंपल आहे बाबा. 'प्रशासकीय कारणास्तव' लिहून टाक. कोण विचारतंय?"

"तेच तर विचारतात. सुनावणी नियमानं झालीये. ती परत घ्यायची तर वरचे म्हणणार, कारण काय ते लिहा."

"तिथी काही चुकीची नव्हती पण," अरुणाताई म्हणाल्या. कॅलेंडरवर ठपका आलेला त्यांना खपणार नव्हता. "मार्गशीर्ष पौर्णिमा ती. चांगलीच असते."

"आपल्याला चांगली, अगं. त्यांना ती कामाची."

अरुणाताईंनी आमटीची वाटी नवऱ्याच्या पुढं सरकवली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लिहा मग. माझं नाव नका घालू म्हणजे झालं."

राजाभाऊंनी सोमवारी ऑफिसात टिपणाचे चार मसुदे केले. पहिल्यात 'भरती-ओहोटीविषयक तांत्रिक घटक' होते. दुसऱ्यात 'हंगामी स्थलांतर' होतं, जे खोटं होतं. तिसऱ्यात चूक झाली होती, पण ती कुणी केली हे वाक्यात कुठं सापडत नव्हतं. सरकारी भाषेत ते सहज जमतं. चौथा मसुदा मात्र साधा होता: 'सुनावणीची तारीख मी ठरवली. ती ठरवताना घरच्या कॅलेंडरवर शुभ दिवस पाहिला. पौर्णिमेला तेथील सर्व लोक मासेमारीवर असतात हे मला माहीत नव्हते व मी विचारलेही नाही. म्हणून सुनावणीत हरकत आली नाही, याचा अर्थ हरकत नाही असा होत नाही. सुनावणी पुन्हा घ्यावी.'

भटनागर मॅडमनी त्याचं हिंदी भाषांतर स्क्रीनवर दोनदा वाचलं. मग चष्मा काढला.

"गुप्ताजी, आप कैलेंडर में पूर्णिमा देखके डेट निकालते थे?"

"जी."

"मेरी बेटी की सगाई की भी?"

"जी, मॅडम. वो एकादशी थी."

मॅडमनी चष्मा परत घातला. "वैसे सगाई अच्छी हुई थी," त्या शेवटी म्हणाल्या, आणि फाइल पुढं पाठवली. वरून आठवड्यानं एका ओळीत मंजुरी आली आणि दुसऱ्या ओळीत शेरा: संबंधित अधिकाऱ्याने यापुढे दक्षता घ्यावी. तेहतीस वर्षांतला पहिला शेरा. खात्यात ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिन्ही मजल्यांवर पोचली. लोक यायचे, टेबलाला कोपर टेकवायचे आणि विचारायचे, "गुप्ताजी, चाय का मुहूर्त निकला क्या?" राजाभाऊ हसायचे. ह्या वेळचं हसणं खरंच नम्र होतं, पण ते बघायची सवय कुणाला नव्हती.

नवी तारीख त्यांनी काढली नाही. प्रभाताईंना फोन करून विचारली. दहा जानेवारी म्हणाल्या. राजाभाऊंनी घरी येऊन कॅलेंडर बघितलं आणि तसेच उभे राहिले. पौष महिना, वद्य अष्टमी, शनिवार. अरुणाताईंनी मागून डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्यांच्या घराण्यात पौषात कुणी नवी चप्पलसुद्धा घेतलेली नव्हती. "तिन्ही एकदम," त्या पुटपुटल्या. पण ह्या वेळी कुणी त्यांचं मत विचारलेलं नव्हतं.

त्या शनिवारी सुट्टीचं ऑफिस उघडून राजाभाऊ आणि भटनागर मॅडम हीटर लावून स्क्रीनसमोर बसले. दहालाच खुर्च्या भरल्या. साडेदहाला मागं माणसं उभी. मांडवाच्या कडेला पोरं कठड्यावर, बायका पुढं सतरंजीवर. टायवाला आज बराच सावध दिसत होता. त्यानं पात्याची लांबी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात पहिल्या ओळीतून हिरव्या लुगड्यातली, पन्नाशीची, ठेंगणी बाई उठली आणि तिनं माइक मागितला.

"मी प्रभा. केबलचं नंतर बोलू. आधी माझी दुसरी हरकत लिहून घ्या, ती एक नंबरला. पौर्णिमेची तारीख ज्यानं काढली तो माणूस कोण? मला ठाऊक आहे, पण ते इथे सगळ्यांसमोर सांगायला हवं."

तहसीलदार कागद चाळायला लागले. नोटिशीखाली सहीचं नाव होतं, पण तारीख कुणी काढली हे कागदात कुठं नव्हतं. इकडे मॅडमनी राजाभाऊंच्या मनगटावर हात ठेवून मान हलवली, म्हणजे नको. राजाभाऊंनी हात हळूच सोडवून घेतला आणि माइकचं बटण दाबलं.

"मी काढली. राजाभाऊ गुप्ते, दिल्लीहून."

तीनशे-साडेतीनशे माणसं स्क्रीनकडे बघत होती, आणि त्या मांडवात ते स्वतः केवढे दिसत असतील हे राजाभाऊंना कळायला मार्ग नव्हता.

"मुद्दाम काढली?" प्रभाताईंनी विचारलं.

"नाही. चांगला दिवस म्हणून काढली. मला माहीत नव्हतं."

मागं एक म्हातारा हसला, मग आणखी दोन-चार जण. मला वाटतं ते हसणं वाईट नव्हतं. इतके दिवस ज्याला कावेबाज समजत होते तो साधा बावळट निघाला, ह्याचा त्यांना थोडा दिलासाच वाटला असावा. प्रभाताई मात्र हसल्या नाहीत.

"माहीत नव्हतं, मानलं," त्या म्हणाल्या. "पण विचारायला काय झालं होतं, साहेब?"

तेहतीस वर्षं राजाभाऊंनी तारीख काढताना मंत्र्यांची सोय पाहिली, सेक्रेटरींची पाहिली, धुक्याची, बँडबाज्याची, ग्रहांची पाहिली. ज्यांनी यायचं त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. इतक्या तारखा, इतक्या रिकाम्या आणि अर्ध्या रिकाम्या खुर्च्या, आणि त्यांना वाटत राहिलं की सगळं सुरळीत चाललंय. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"काही झालं नव्हतं," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं."

"मग लिहून घ्या तसं."

हरकतींचा तक्ता राजाभाऊंच्याच लॅपटॉपवर होता. तीन रकाने: क्रमांक, हरकत, खात्याचं उत्तर. ह्या तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं हे खात्यात कुणाला शिकवावं लागत नाही. 'नोंद घेण्यात आली' लिहायचं. फार झालं तर 'यथावकाश विचार करण्यात येईल.' मॅडम शेजारून बघत होत्या. राजाभाऊंनी पहिल्या रकान्यात एक घातला. दुसऱ्यात प्रभाताई सांगत गेल्या तसं, एक शब्द न बदलता लिहिलं: 'दिल्लीच्या साहेबांनी आमच्या गावाची तारीख आम्हाला न विचारता ठरवली.' तिसऱ्या रकान्यात त्यांची बोटं क्षणभर थांबली. मग त्यांनी लिहिलं, 'मान्य.'

तो शब्द स्क्रीनवर तिकडच्या मांडवातही उमटला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रभाताईंनी पुढं वाकून तो वाचला, नीट, दोनदा, आणि पदर खोचला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता केबलचं लिहा."